बाबांना सांगायचं नाही

१७ जानेवारी

प्रिय वन्सं,

'वन्सं' वाचून नाक मुरडू नकोस. चिंगी म्हटलं की नणंदेला नाही, मैत्रिणीला लिहितेय असं वाटतं आणि मग मी भरकटते. आज भरकटायचं नाहीये. कामाचं आहे.

फोन का नाही केला, तर हे घरात आहेत. दोन खोल्यांचं घर, मध्ये एक पडदा. स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी बाहेर ऐकू जातं. जहाजाच्या इंजिनरूममध्ये फिटरकी करून लोकांचे कान जातात म्हणे. यांचे मेले ठणठणीत आहेत.

तुझा दादा डिसेंबरात आला तो जावई यावा तसा आलाय. सकाळी उठून अंथरुणाची घडी, स्वतःचा कप स्वतः विसळणार, ओट्यावर ताटांखाली ओलं फडकं घालणार. का, तर घसरू नयेत. "अहो, घर हलत नाही," म्हटलं तर ओशाळून हसले. मुलंही त्यांना तसंच वागवतात. चांगला टॉवेल बाबांचा, खिडकीजवळची खुर्ची बाबांची, बाबा झोपलेत, हळू बोल. वर्षातून दोन-तीन महिने तर येतात, मी तरी काय म्हणणार.

तर मुद्दा माझ्या पोटाचा. लॉन्ड्रीत हॉटेलांच्या ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून उचलून बेंबीपाशी फुगवटा आलाय. ढगळ कपडे घालते म्हणून दिसत नाही, पण दुखतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हर्निया आहे, घाबरू नका, पण ऑपरेशन करायला हवं आणि नंतर बरेच दिवस जड उचलायचं नाही. तारीख सांगा, म्हणाल्या.

तारीख कुठून सांगू? हे जहाजावर गेल्याशिवाय मला काही करता यायचं नाही. आपल्या घरचा नियम तुला ठाऊकच आहे. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी जवळ बसवून सांगितलं होतं: जहाजावरच्या माणसाला घरचं रडगाणं कळवायचं नाही आणि घरी आलेल्याची सुट्टी नासवायची नाही. तिकडे बसून तो करणार काय, नुसता झुरणार, आणि चित्त थाऱ्यावर नसलं की हात यंत्रात जायचा. मला ते पटलं होतं, अजून पटतं. म्हणून मी यांना रोज विचारते, "कंपनीचा फोन आला का? कधी निघायचं?" हे नुसते "बघू" म्हणतात.

हे गेले की तू येशील ना आठवडाभर? मोठीला सांगून ठेवलंय, ती आता कळती झालीय. बारक्याला नाही, तो गावभर करेल. आणि तू दादाला एक अक्षर बोलणार नाहीस, शपथ घे. उत्तर लॉन्ड्रीच्या पत्त्यावर पाठव.

बाकी यंदा गंमत आहे. आमचा व्हॅलेंटाइन हे येतील तेव्हा असतो. कधी जूनमध्ये, कधी ऑक्टोबरात. एकदा तर दुकानात लाल फुगे मिळेनात म्हणून मोठीने पिवळे आणले होते. यंदा पहिल्यांदाच खऱ्या चौदा फेब्रुवारीला हे घरी असतील असं दिसतंय. मुलांनी आत्तापासूनच कागदाची बदामं कापायला घेतलीत, घरभर कचरा.

तुझी,
वहिनी


२३ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी दवाखान्यात होते आणि माझ्या हातात एका आजोबांसाठी बनवलेली वरची कवळी होती. हर्निया वाचला आणि ती खाली पडली. फुटली नाही म्हणून तू वाचलीस, नाहीतर आजोबांना तुझ्याकडे पाठवलं असतं.

अगं बाई, तुला वेड लागलंय का? नवरा घरात धडधाकट बसलाय, ताटांखाली फडकी घालतोय, आणि तू तो जायची वाट बघतेयस. कशासाठी, तर पोट कापून घ्यायला!

आईचा नियम मला सांगू नकोस, मी त्यातच वाढले. बाबा जहाजावर असताना मला टायफॉइड झाला होता. केस गेले सगळे. बाबा आले तोवर डोक्यावर ब्रशसारखे खुंट उगवले होते. त्यांनी विचारलं, हिचे केस का कापले? आई म्हणाली, फार उकडत होतं. बाबा म्हणाले, छान दिसतंय. झालं, संपला माझा टायफॉइड. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं होतं! मी बाबांना सांगायला काय काय जमवून ठेवलं होतं, सुया, कडू औषधं, सगळं.

दादाला सांग. माझं ऐक आणि सांग.

नाहीच सांगितलंस तर मी येईन. आणि गप्प राहीन, घेतली शपथ. पण दुसऱ्यांची तोंडं उघडून पोट भरणाऱ्या बाईला तोंड बंद ठेवायला सांगतेस, हे लक्षात असू दे.

चिंगी


२५ जानेवारी

चिंगे,

अनेक आशीर्वाद. पाय मोकळे करून येतो असं सांगून मी हे पत्र पेटीत टाकणार आहे. वहिनीला यातलं काही कळता कामा नये.

मी घरी काय करतो? काही नाही. कुणी करू देत नाही. गादी उचलायला गेलो तर मोठी धावत येते, "बाबा, तुम्ही बसा." बारक्याला शाळेत सोडू का? तो शेजारच्यांबरोबर जातो. भाजी आणू? आणली. काही मोडलंय, अडलंय? काहीच नाही, सगळं छान चाललंय. चिंगे, या घरात काही म्हणता काही बिघडत नाही. फिटर माणसाने करायचं काय?

एक गोष्ट सांगतो. इथल्या गोदीत जहाजदुरुस्तीचा कारखाना आहे. तिथला फोरमन पूर्वी माझ्याबरोबर जहाजावर होता. तो म्हणतो, इकडेच ये, कायमचं काम, संध्याकाळी घरी. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत त्याला उत्तर हवंय. माझ्या मनात होतं की चौदा तारखेला मुलं जो काही थाट करतील त्यात हिला सांगावं. मी मनातल्या मनात ते कसं सांगायचं याची तालीमही केली. हसू नकोस.

पण ही रोज विचारते, कधी निघायचं. सकाळी चहाबरोबर आणि संध्याकाळी कामावरून आली की चपला काढायच्या आधी. पहिल्यांदा वाटलं, काळजीने विचारते. परवा मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही, तर तिचा चेहरा पडला. म्हणजे खरोखर पडला. त्यांची घडी बसलीय माझ्याशिवाय, चिंगे. मी आलो की त्या घडीला चुण्या पडतात. पाहुण्याने किती दिवस राहायचं यालाही काही मर्यादा असते.

फार वाईट वाटतंय. तुलाच सांगतोय. वहिनीला एक शब्द कळवलास तर माझी शपथ आहे. उत्तर गोदीत, फोरमनच्या पत्त्यावर पाठव.

तुझा,
दादा


३० जानेवारी

दादा,

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. हाताला कवळीच्या साच्याचं प्लास्टर लागलेलं होतं, ते कपाळाला लागलं आणि तशीच मी बसमधून घरी गेले.

काय उत्तर देऊ तुला? माझ्या तोंडाला कुलूप आहे, असं समज. एवढंच सांगते. कंपनीला हो म्हणू नकोस आणि फोरमनला नाही म्हणू नकोस. चौदा तारखेपर्यंत दोन्ही हात खिशात घालून बस. वहिनीचा चेहरा पडला म्हणून लगेच बॅग भरायला निघालास? तो चेहरा तू वर्षातून दोन-तीन महिने बघतोस, तेही जेवताना. चेहरे दहा कारणांनी पडतात, शहाण्या.

चिंगी


३० जानेवारी

वहिनी,

हे पत्र छोटं आहे कारण मोठं लिहिलं तर माझी शपथ मोडेल. दादाला काहीतरी काम सांग. अडलेलं, नडलेलं, घरात जे काही असेल ते त्याच्या हातात दे. का म्हणून विचारू नकोस.

आणि पोटाचं सांग गं त्याला!

चिंगी


५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुझा सल्ला काही लागू पडला नाही बाई.

काम सांग म्हणालीस, पण सांगू काय? हे यायच्या आधीच मी सगळं दुरुस्त करून घेते, दरवर्षीप्रमाणे. आल्या आल्या कशाला कटकट. शेवटी मी ओट्यावरचा नळ सैल केला, सुरीचं टोक घालून, आणि म्हटलं, "अहो, नळ गळतोय, बघता का जरा?" यांनी बघितला. बराच वेळ बघितला. मग आपली हत्यारं आणली, नळ घट्ट केला, हात पुसले आणि तसेच फिरायला निघून गेले. मला तर वाटतं सुट्टीत काम सांगितल्याचा राग आला.

पण आता आनंदाची बातमी! काल संध्याकाळी आपणहून म्हणाले, कंपनीचा फोन आला होता, वीस तारखेला निघतोय. मी हुश्श करून तिथल्या तिथे खुर्चीत बसले. आज जाऊन डॉक्टरीणबाईंकडून तेवीस तारीख घेऊन आले. तू बावीसला ये. येताना काही आणू नकोस, फक्त तुझी ती मऊ उशी आण.

खरं सांगू? काल तारीख कळल्यावर भांडी घासताना रडू आलं. दरवेळी येतंच, पण यंदा जरा जास्त. वाटलं, ऑपरेशनच्या वेळी हे बाहेर बाकावर बसलेले असते तर किती बरं झालं असतं. मला भूल द्यायची भीती वाटते गं. पण असो, काही नाही.

तुझी,
वहिनी


७ फेब्रुवारी

चिंगे,

हात खिशातून काढले. कंपनीला हो म्हणालो.

का, ते ऐक. हिने मला नळ दुरुस्त करायला सांगितला. मला इतका आनंद झाला की मी पळत गेलो म्हणायला हरकत नाही. बघतो तर स्क्रूच्या डोक्यावर सुरीचे ताजे ओरखडे. नळ आपला आपण सैल होतो तेव्हा सुरी घेऊन होत नाही. कुणीतरी मुद्दाम केला होता. पाहुण्याचा वेळ जाईना म्हणून त्याच्या हातात खेळणं दिलं. मी नळ घट्ट केला आणि बंदरापर्यंत चालत गेलो.

परत येऊन हिला सांगितलं, वीसला निघतोय. चिंगे, तिने "हुश्श" केलं. तोंडाने. मी समोर उभा असताना. आणि मग माझ्याकडे बघून इतकी गोड हसली. जहाजावर माणूस बऱ्याच गोष्टी सोसतो, हे काही मला सोसलं नाही.

चौदाला शनिवार आहे. मुलांचा कार्यक्रम होऊ दे, त्यांच्यासाठी मी हसतमुख बसेन. सोमवारी गोदीत जाऊन फोरमनला नाही म्हणून सांगेन.

दादा


१० फेब्रुवारी

दादा,

तू माझा मोठा भाऊ आहेस म्हणून लिहिता येत नाही, नाहीतर तुला गाढव म्हटलं असतं.

सोमवारच्या आधी शनिवार येतो. शनिवारी वहिनीला एक प्रश्न विचार, असाच्या असा: "मी कधी जातो ती तारीख तुला कशाला हवी होती?" ती काहीतरी थातूरमातूर सांगेल. ते ऐकून गप्प बसू नकोस, आपल्या घरात सगळे तिथेच गप्प बसतात. पुन्हा विचार. इंजिन सुरू झालं नाही तर एकदाच बटण दाबून घरी येतोस का?

याहून जास्त मी लिहिणार नाही. इतकं लिहिलं तेच खूप झालं.

चिंगी


१६ फेब्रुवारी

चिंगे,

आज वन्सं वगैरे काही नाही. आज मी भरकटणार आहे, सहन कर.

शनिवारी संध्याकाळी मुलांनी बाहेरच्या खोलीचं हॉटेल केलं. टेबलावर धुतलेली चादर, पडद्यावर दोऱ्यात ओवलेली लाल बदामं. मोठी मॅनेजर, बारक्या वेटर, खांद्यावर बाबांचा चांगला टॉवेल. आधी दोनच खुर्च्या होत्या, जोडप्यासाठी. मग बारक्याच्या लक्षात आलं की वेटरला जेवायला मिळत नाही, तेव्हा आणखी दोन आल्या. ऑम्लेट, तळलेले बटाटे आणि केक. मी निळा ड्रेस घातला होता. यांनी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. काय गं देखणा दिसतो तुझा भाऊ अजून! मी बघतच राहिले आणि मोठीने मला कोपराने ढोसलं.

निम्मं ऑम्लेट झालं असेल. यांनी काटा खाली ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मी कधी जातो ती तारीख तुला कशाला हवी होती?"

मी म्हटलं, "अशीच. बॅग भरायला."

"बॅग नेहमी मीच भरतो."

मी बटाटे वाढायला घेतले.

"खरं सांग," हे म्हणाले. "मी घरात अडचण होतो ना? असलं तरी चालेल. पण मला कळू दे."

मी वर बघितलं. हे थट्टा करत नव्हते. इंजेक्शन घ्यायच्या आधी बारक्या बसतो ना, ओठ आवळून, तसे बसले होते. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज उठून मी या माणसाला काय विचारत होते आणि त्याला काय ऐकू येत होतं!

"अहो, मला ऑपरेशन करायचंय!" मी किंचाळलेच. हातात झारा तसाच.

"कुणाचं?" बारक्याने विचारलं.

मग सगळं सांगितलं. हर्निया, डॉक्टरीणबाई, तेवीस तारीख, तू येणार ते. मला वाटलं, आता हे जवळ येतील, पाठीवरून हात फिरवतील. कुठलं काय! असे भडकले, असे भडकले की विचारू नकोस.

"म्हणजे मी तिकडे समुद्रात पंप खोलत बसणार आणि तू इकडे टेबलावर पडणार? आणि मला कळणार कधी, पुढच्या सुट्टीत? मी कोण आहे गं या घरात, भाडेकरू?"

"तुमची सुट्टी नासली असती!"

"नासू दे ना! माझी सुट्टी म्हणजे काय दूध आहे?"

"तुमच्या आईनेच सांगितलं होतं मला, माझ्यावर काय ओरडता?"

तेव्हा हे मोठीकडे वळून म्हणाले, "तुला ठाऊक होतं?" तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "बाबांना सांगायचं नाही असं आई म्हणाली होती." आणि मग एकदम हुंदका देऊन, "बाबा, मी सहामाहीला गणितात नापास पण झाले होते. तेही तुम्हाला सांगायचं नव्हतं."

झालं. धरणच फुटलं. बारक्या खुर्चीवर उभा राहिला. "बाबा, मी जिन्यावरून पडलो होतो! टाके पडले होते, खरे! हे बघा!" आणि हनुवटी यांच्या नाकाशी नेली. फोनवर मी यांना मांजराने ओरबाडलं म्हणून सांगितलं होतं. मग मी सुरू झाले. वॉशिंग मशीन फुटून खालच्यांच्या छतातून पाणी गळलं होतं आणि त्या बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत, ते. बारक्याला शाळेतून दोनदा घरी पाठवलं, ते. नळ मीच सैल केला, तेही. हे म्हणाले, "ते मला ठाऊक आहे," आणि पहिल्यांदा हसले. आम्ही सांगत होतो आणि हे एकेकाचं तोंड बघत ऐकत होते. काय सांगू तुला, यांना इतकं रमलेलं मी कधी बघितलं नव्हतं. वाईट बातमी ऐकताना माणूस इतका खूश होतो का गं?

शेवटी सासूबाईंचं सांगितलं. त्या गेल्या त्या आठवड्यात मी यांना जहाजावर कळवत होते, बऱ्या आहेत, जेवतात. बऱ्या नव्हत्या. दाराकडे बघायच्या आणि यांना हाक मारायच्या. तू होतीसच तेव्हा. हे माझा हात घट्ट धरून बसले. मुलंही बसली.

मग हळूच म्हणाले, "आता माझं ऐका." मागच्या खेपेला इंजिनरूममध्ये आग लागली होती. दंडावर भाजल्याची खूण गरम पाण्याची म्हणून आम्हाला सांगितली होती, ती त्या आगीची. "तेव्हापासून खाली उतरताना शिडीवरचा हात सुटत नाही. मला समुद्राची भीती वाटते गं आता." असं म्हणाले, मुलांच्या देखत. बारक्या म्हणाला, "बाबा, तुम्हाला पण भीती वाटते?" आणि यांच्या मांडीवर जाऊन बसला. एवढा घोडा झालाय तरी.

गोदीतल्या कामाचं मला तेव्हा कळलं. सोमवारी नाही म्हणणार होते म्हणे. मी म्हटलं, "मग सोमवारी जा आणि हो म्हणा." कंपनीला काल कळवून टाकलं की वीसला येत नाही.

आज सोमवार. हे सकाळीच गोदीत गेलेत, अजून आलेले नाहीत. फोरमनने दुसऱ्या कुणाला घेतलं असलं तर? मघापासून तीनदा खिडकीशी जाऊन रस्ता बघून आले.

ऑम्लेट गार झालं, केक मात्र संपला. रडून रडून सगळ्यांची नाकं बदामांसारखी लाल झाली होती. इतका छान व्हॅलेंटाइन आमचा आजवर झाला नव्हता.

तुझी,
वहिनी

ता. क. तुला दोन्हीकडचं ठाऊक होतं ना? ये तू, मग बघते तुझ्याकडे.


१९ फेब्रुवारी

दादा आणि वहिनी,

एकाच कागदावर लिहितेय. दोघांनी डोक्याला डोकं लावून वाचा.

तुमच्या दोघांच्या शपथा पोटात ठेवून माझी काय अवस्था झाली ते मला विचारा. एका बाईंच्या कवळीत मी दोन्हीकडे डाव्या बाजूचे दात बसवले. एकाच कोपऱ्यावरच्या एकाच पेटीत तुम्ही दोघं चोरून पत्रं टाकत होतात, तिथे एकमेकांना धडकला नाहीत हेच नवल. इथून पुढे मला शपथ घालायची नाही. घातलीत तर लगेच दुसऱ्याला फोन करीन.

वहिनी, पत्र वाचून मी खूप रडले. आईचं वाचून तर फारच. बरं झालं सांगितलंस.

आणि आता घरचा नियम मोडलाच आहे तर माझंही ऐका. मागच्या उन्हाळ्यात मी लाजत लाजत ज्या दातांच्या डॉक्टरबद्दल लिहिलं होतं, त्याच्याशी जमलेलं मोडलं. नोव्हेंबरातच मोडलं. दादा यायचा होता, म्हटलं त्याची सुट्टी कशाला नासवा. मला अजून फार वाईट वाटतं. कामाच्या दिवशी चालून जातं, रविवारी घरात बसवत नाही. झालं, सांगितलं.

दादा आहे म्हटल्यावर मी सुट्टी रद्द करते. गोदीचं काय झालं ते उलट टपाली कळवा.

चिंगी


२३ फेब्रुवारी

चिंगे,

हॉस्पिटलमधून लिहितोय, मांडीवर पेपर ठेवून, म्हणून अक्षर असं.

आधी तुझं. सुट्टी अजिबात रद्द करू नकोस. तुझं पत्र आम्ही दोघांनी वाचलं. त्या डॉक्टरला वहिनीने जे जे म्हटलं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. ऑपरेशनला मी आहे, तू रविवारसाठी ये. आणि पुढचेही रविवार ये, बसला किती वेळ लागतो? नोव्हेंबरपासून एकटी कुढत बसलीस आणि मला गाढव म्हणायला निघालीस.

गोदीचं असं झालं की फोरमनने माझी जागा शनिवारीच दुसऱ्याला देऊन टाकली होती. म्हणाला, वाट तरी किती बघायची? मी उठलो, तेवढ्यात तो म्हणाला, पंपांच्या खात्यात एक माणूस हवाय, पण हाताखालचा, आणि साहेब तुझ्यापेक्षा वयाने लहान आहे, चालेल का? त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो. दोन तारखेपासून जायचंय. तीन महिने बघतील, मग पक्कं. टिकेन असं वाटतंय. पंप मला कळतात.

आज सकाळी हिला आत नेलं. जाताना मुलांच्या डब्यांचं सांगत होती, मध्येच तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, "मला भीती वाटतेय." मी म्हटलं, मलाही. याहून शहाणपणाचं काही सुचलं नाही, पण तिला ते पुरलं असावं, तिने हात सोडला. मग दार बंद झालं. चिंगे, आगीच्या वेळी मी इतका घाबरलो नव्हतो. तिथे निदान हातात पाण्याचा होज होता. इथे नुसतं बाकावर बसायचं. समोरच्या भिंतीवरच्या पाइपाचा जोड चुकीचा बसवलाय, तेवढं बघत बसलो.

नर्सने बाहेर येऊन विचारलं, "यांच्याबरोबर कोण आहे?" बाकावर आम्ही पाच-सहा जण होतो. मी उठून उभा राहिलो आणि म्हटलं, मी, मी आहे. ती म्हणाली, बसा, सगळं व्यवस्थित झालंय. मी बसलो आणि तोंड पुसायच्या निमित्ताने रुमालात तोंड घालून थोडा वेळ तसाच राहिलो. शेजारचे आजोबा म्हणाले, होतं असं.

आता तिला खोलीत आणलंय. शुद्धीवर आली तेव्हा मला वाटलं काही गोड बोलेल. पहिलं वाक्य, "उशी वर घ्या." घेतली. "अशी नाही हो, कशी धरलीत, पाना आहे का तो?" मग सुरूच झाली. बारक्याला शाळेतून आणा, त्याला रस्ता ओलांडताना हात सोडू नका, तो ओढतो. मोठीची गणिताची वही बघा, ती दाखवणार नाही, मागून घ्या. लॉन्ड्रीत कळवा. खालच्या बाईंची माफी मागून या, मला जमत नाही, तुम्ही मागा. आणि चादर पायाशी खोचा, थंडी वाजते. एवढी कामं मला या घरात कुणी कधी सांगितली नव्हती. निम्मी मला जमतील की नाही ठाऊक नाही. तसं तिला म्हटलं तर म्हणाली, "चुकलात तर ओरडेन, त्यात काय?"

मध्ये डोळा लागला होता तिचा, म्हणून हे लिहायला बसलो. अजून बरंच लिहायचं होतं, पण जागी झालीय आणि अहो, अहो, चाललंय. पाय अवघडलाय म्हणते.

जातो, बोलावतेय.

दादा